सिन्सला माफ करा, क्रियापदाला धरा

शाळेतल्या इंग्रजीच्या पेपरात एक गाळलेली जागा हमखास असते: इथे 'सिन्स' भरा की 'फॉर'? नियम सगळ्यांना पाठ. काळातला ठरावीक क्षण असेल तर सिन्स, कालावधी असेल तर फॉर. सिन्स मंडे, फॉर थ्री डेज. एवढं घोकूनही रजेच्या अर्जातलं 'आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. केसपेपरवर तर डॉक्टरही लिहून जातात, फीव्हर सिन्स थ्री डेज.

या चुकीची थट्टा करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ती अडाणीपणाची नाही. मराठीत 'पासून' दोन्हीकडे चालतं: सोमवारपासून ताप आहे, तीन दिवसांपासून ताप आहे. ताप अजून उतरलेला नाही, म्हणून क्रियापदही 'आहे'. यात गैर काय? जर्मनमधला 'झाइट' आणि फ्रेंचमधला 'दप्वी' हे शब्दही क्षण आणि कालावधी दोन्हींना चालतात आणि सोबत साधा वर्तमानकाळ घेतात. त्यामुळे इंग्रजी शिकणारा जर्मन विद्यार्थीही इथेच घसरतो.

शिवाय 'सिन्स टू डेज' ऐकून कोणाचा गैरसमज होत नाही. कानाला खटकतं, पण अर्थ पोचतो. घोटाळा होतो तो क्रियापदामुळे, आणि तोही फॉर अगदी बरोबर वापरल्यावर. समजा, पुण्याची एखादी इंजिनिअर लंडनच्या ऑफिसात रुजू झाली. येऊन दोन आठवडे झाले, मुक्काम वर्षभराचा. कोणी चौकशी केल्यावर ती म्हणते, 'आय अ‍ॅम हिअर फॉर टू वीक्स.' समोरचा समजतो, बाई दोनच आठवड्यांसाठी आल्यात. शाळेचा नियम तिने तंतोतंत पाळला, तरी निरोप चुकीचा गेला. तिला म्हणायचं होतं, 'आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स.'

बायोडेटात हे आणखी महागात पडतं. 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' याचा अर्थ ती नोकरी सुटली. 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे अजून तिथेच आहे. फॉर दोन्हीकडे तोच, वर्षंही तेवढीच. मराठीत 'पासून' सुरुवात सांगतं आणि 'आहे' चालू असल्याचं सांगतं, कामं वाटलेली आहेत. इंग्रजीत फॉरसोबत ही दोन्ही कामं एकट्या 'हॅव'ला करावी लागतात, आणि आपल्या शिकवणीत दुर्लक्ष होतं ते नेमकं त्याच्याकडेच.

सिन्सबद्दल लक्षात ठेवण्यासारखं थोडंच आहे. मुख्य वाक्यात 'हॅव' किंवा 'हॅज' घ्यायचं, आणि सिन्सनंतर घटना आली तर ती साध्या भूतकाळात: 'आय हॅव नोन हर सिन्स शी जॉइन्ड द बँक.' याला एक सुंदर अपवाद आहे. 'इट इज टेन इयर्स सिन्स ही डाइड' हे शुद्ध इंग्रजी आहे, 'इज'सकट. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली, हे आपण म्हणतो त्याच्या अगदी जवळचं. इथे 'टेन इयर्स' सिन्सच्या आधी आहे आणि नंतर घटना आहे, म्हणून क्षण-कालावधीचा नियमही मोडत नाही.

'सिन्स मॉर्निंग'चं काय, असं कोणी विचारेल. इंग्रज माणूस 'सिन्स धिस मॉर्निंग' म्हणतो. आपसात बोलताना आपलं राहू द्यावं, त्याने कोणाचं बिघडत नाही. सरकारी पत्रव्यवहारातलं 'पेंडिंग सिन्स लाँग' मात्र बंद झालं पाहिजे. तिथे 'फॉर अ लाँग टाइम' लिहावं, किंवा सरळ तारीख द्यावी. तारीख दिली की फाइल किती दिवस अडली हेही कळतं. बहुधा म्हणूनच ती देत नसावेत.

इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती एवढीच, की पुढच्या चाचणीत सिन्स आणि फॉर छापूनच द्या आणि गाळलेली जागा क्रियापदाची ठेवा.