छायाचित्र काढल्यानंतर

हल्लीं घरांतील बहुतेक प्रत्येक माणसाच्या हातीं मोबाइलच्या रूपानें एक कॅमेरा आलेला आहे. गणेशचतुर्थीच्या एका दिवसांत एखाद्या एकत्र कुटुंबांत जितकीं छायाचित्रें निघतात, तितकीं त्याच घरांतील पणजोबांनीं उभ्या आयुष्यांत काढविलीं नसतील. छायाचित्र कसें काढावें हें सांगणारे त्यामुळें पुष्कळ भेटतात. तें काढल्यानंतर त्याचें काय करावें, हें मात्र नवशिक्याला फारसें कोणी सांगत नाहीं. आणि आमच्या मतें खरी जबाबदारी तेथूनच सुरू होते.

पहिलें काम निवडीचें. एका आरतीचीं चाळीस चित्रें आप्तांकडे धाडणारा गृहस्थ पाहणाराच्या डोळ्यांवर जुलूम करतो. चौथ्या चित्रानंतर कोणी पाहत नाहीं, नुसतें बोट फिरवितो. तीन ठेवावीं, बाकीचीं आपल्यापाशीं असूं द्यावीं.

निवडलेल्या चित्रावर हात फिरविणें ही लबाडी आहे, असा एक समज आढळतो. तो इतिहासास धरून नाहीं. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकारानें १८५८ सालीं पांच निरनिराळ्या निगेटिव्ह जोडून मृत्युशय्येवरील तरुणीचें एक चित्र सिद्ध केलें होतें, व त्यावर तेव्हांही वाद माजला होता. आपल्याकडील जुन्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसण्याची आणि कृष्णधवल चित्रास हातानें रंग देण्याची चाल होतीच. तेव्हां हात फिरवावा कीं नाहीं हा प्रश्न नव्हे. कोठें थांबावें हा आहे.

आरंभ करण्यापूर्वीं मूळ चित्राची प्रत करून घ्यावी व फेरफार त्या प्रतीवरच करावे. मोबाइल बहुधा ज्या जेपेग पद्धतीनें चित्र साठवितो, तींत जागा वांचविण्यासाठीं कांहीं बारकावे टाकून दिलेले असतात, आणि तेंच चित्र पुनःपुन्हा बदलून साठविल्यास दर खेपेस आणखी कांहीं गळतात. शिवाय या पद्धतींत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ च छटा असतात. ज्यांच्या कॅमेऱ्यांत रॉ पद्धतीची सोय आहे त्यांना १२ बिटांच्या चित्रांत ४०९६ मिळतात, म्हणून सुधारणेस वाव अधिक. स्नॅपसीड किंवा गिंप यांसारखीं साधनें विनामूल्य आहेत व नवशिक्यास पुरेशीं आहेत.

समईच्या उजेडांतील देवघराचेंच उदाहरण घेऊं. ज्योतीभोंवतीं जो भाग पुरता पांढरा झाला, तेथें तपशील उरलेलाच नसतो. कोणतीही युक्ति तो परत आणूं शकत नाहीं. काळोख्या कोपऱ्यांत मात्र थोडें कांहीं दडलेलें असतें, व तें दाणेदार कां होईना, वर काढतां येतें. म्हणून अशा वेळीं चित्र किंचित् अंधारें घ्यावें आणि मागाहून उजळावें. पिवळेपणाही थोडाच कमी करावा. तो सगळा काढला तर दिवेलागण दुपारसारखी दिसूं लागते. कडेचा भाग कापतांना छपाईचें भान ठेवावें: ६ इंच बाय ४ इंचांची चांगली प्रत निघण्यास सुमारें १८०० गुणिले १२०० पिक्सेल शिल्लक राहिले पाहिजेत.

येथपर्यंत सोपें आहे. अवघड आहे तो माणसाचा चेहरा. कित्येक मोबाइलांत चेहरा गुळगुळीत व गोरा करण्याची योजना असते, आणि ती चालू आहे हें वापरणाऱ्याच्या ध्यानांतही येत नाहीं. स्थळांकडे पाठविण्याच्या चित्रांत तर हें मुद्दाम केलें जातें. सांवळ्या पुतणीचें चित्र दोन छटा उजळून पाठविणाऱ्या काकांना आपण तिचें हितच करीत आहों असें वाटतें. मुलगी मात्र त्यांतून एवढेंच उमजते, कीं आपला रंग आपल्या घरच्यांनाच नकोसा आहे. चेहरा अंधारांत असेल तर सबंध चित्र उजळावें, यांत गैर कांहीं नाहीं. पण तें चित्र त्या व्यक्तीशेजारीं धरून पाहावें, आणि कातडीचा वर्ण जुळेनासा झाला कीं मागें यावें. आजीच्या सुरकुत्यांनाही हाच न्याय लावावा. तिच्या कपाळावरची आठी पुसली तर उरते ती दुसरीच कोणी बाई.

आतां चित्र बाहेर पाठविण्याविषयीं. ज्याचें चित्र त्यास आधीं विचारावें, मग ती स्वयंपाकघरांत घामाघूम झालेली सूनबाई असो कीं दहा वर्षांचा मुलगा. न्हाणीघरांतील तान्ह्या बाळाचें चित्र कौतुकाचें खरें, परंतु तें घरांतच राहूं द्यावें. एकदां फेसबुकावर गेलेलें चित्र कोणाकोणाच्या हातीं पडेल हें सांगवत नाहीं. चित्राच्या पोटांत वार, वेळ आणि सोय चालू असल्यास स्थळाचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. व्हॉट्सॲपवर नेहमींच्या रीतीनें पाठविलेलें चित्र आकारानें घटतें व ही नोंद गळून पडते. तेंच डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास मूळ फाइल नोंदीसकट जाते. छपाईसाठीं पाठवितांना ही दुसरी रीत उत्तम, परक्याकडे पाठवितांना नव्हे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्यें स्थळाची नोंद बंद करतां येते. सारें घर कोंकणांत असतांना तेथील समुद्राचीं चित्रें जगास दाखविण्याची घाईही नको, परतल्यावर दाखवावीं.

लग्नांतील छायाचित्रांच्या मालकीविषयीं घरोघर वाद होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढविणाराचा असतो. तरीही तें प्रसिद्ध करतांना छायाचित्रकाराचें नांव द्यावें. त्यास खर्च कांहींच नाहीं.

शेवटीं, मोबाइल पाण्यांत पडतात, हरवतात व बिघडतात. निवडलेलीं चित्रें दोन ठिकाणीं ठेवावीं, त्यांतील एक ठिकाण घराबाहेरचें असावें. जुन्या चित्रांच्या पाठीवर शाईनें नांवें लिहीत असत. आतां तीं फाइलच्या नांवांतच लिहावीं, डावीकडून उजवीकडे, सालासह. आणि हें काम घरांतील वडीलधाऱ्यांना शेजारीं बसवून करावें, कारण मागच्या रांगेंत उभी असलेली ती आत्या कोण, हें त्यांच्यावांचून दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें.