‘क्वारंटाईन’: चाळीस दिवसांचा विसरलेला अर्थ

कोरोनाच्या साथीत, मार्च 2020 पासून, देशाच्या घराघरांत पोहोचलेला ‘क्वारंटाईन’ हा शब्द मुळात कोणत्याही आजाराचा निदर्शक नाही. तो एका संख्येवरून आला आहे. इटालियन भाषेत ‘क्वारांता’ म्हणजे चाळीस. व्हेनिसच्या बोलीतील ‘क्वारांतेना’ म्हणजे चाळीस दिवसांचा कालावधी.

एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा, म्हणजेच आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिक, या नगरराज्याने 1377 मध्ये प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना 30 दिवस शहराबाहेर थांबण्याचा आदेश दिला. पुढे ही मुदत 40 दिवसांची झाली आणि तेच नाव रूढ झाले. व्यापार पूर्णतः बंद न करता साथ रोखणे, हा त्यामागील विचार होता. मुदत संपल्यावर निरोगी प्रवाशाला शहरात प्रवेश मिळत असे.

भारतात मात्र या उपायाची ओळख कडवट ठरली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यानंतर ब्रिटिश सरकारने 1897 मध्ये साथरोग कायदा केला. पुण्यात लष्कराकरवी झालेली घरांची झडती आणि सक्तीने केलेले स्थलांतर यांतून मोठा असंतोष निर्माण झाला. त्याची परिणती जून 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्या हत्येत झाली.

त्याच कायद्याचा आधार 2020 मध्ये पुन्हा घेण्यात आला. महाराष्ट्रात घरी क्वारंटाईन केलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारण्यात आले. मराठीत ‘अलगीकरण’ आणि ‘विलगीकरण’ असे दोन प्रतिशब्द वापरात आले. पहिला संसर्गाचा संशय असलेल्या, परंतु आजारी नसलेल्या व्यक्तीसाठी. दुसरा बाधित रुग्णासाठी. एवढा महत्त्वाचा भेद एका अक्षरावर अवलंबून राहिल्याने दोन्ही शब्दांची सर्रास सरमिसळ झाली. केवळ खबरदारी म्हणून घरी थांबलेल्या व्यक्तीकडेही अनेकदा रुग्ण म्हणूनच पाहिले गेले.

दोन्ही मराठी शब्द वेगळे ठेवण्याची क्रिया सांगतात. मूळ शब्दातील मुदतीचा अर्थ त्यांत उतरत नाही. ही मुदत रोगाच्या अधिशयन काळानुसार, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळानुसार, ठरते. कोरोनासाठी ती प्रारंभी 14 दिवस होती. त्यामुळे पुढील साथीत सूचनांचा मराठी मसुदा करताना कोणाला, कशासाठी आणि किती दिवस थांबायचे आहे, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट होणे आवश्यक आहे. निर्बंध कधी संपणार हे ठाऊक असेल, तर नागरिक तो पाळण्याची शक्यता अधिक असते.