बोलते करणाऱ्यांचीच वानवा

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, असे आईने काळजीने सांगितले की घरातून ठरलेली उत्तरे येतात. बापही उशिराच बोलला होता. मुलगे उशिराच बोलतात. वेखंड उगाळून चाटव. यात वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. मग बालवाडीत कोणाच्या तरी लक्षात येते की हाक मारली तरी मूल वळत नाही. कानाची तपासणी होते, ऐकू येत नसल्याचे निदान होते आणि डॉक्टर सांगतात, ‘यंत्र लावा आणि स्पीच थेरपी सुरू करा.’ यंत्र मिळते. थेरपी मात्र जिल्ह्याच्या गावीही मिळेलच असे नाही.

वर्षाच्या आसपास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत ‘बाबा ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोड, हा साधा हिशेब आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाचे निदान तीन महिन्यांत आणि उपचार सहा महिन्यांत सुरू व्हावेत, असे हे शास्त्र सांगते. कारण मेंदू भाषा सर्वांत सहज उचलतो तो पहिल्या काही वर्षांत. कॉक्लिअर इम्प्लांटची लाखो रुपयांची शस्त्रक्रिया सरकारी मदतीने होऊ शकते, पण त्यानंतर येणारा आवाज म्हणजे काय, हे मुलाला एकेक करून शिकवावे लागते. ते काम महिनोन् महिने चालते. आठवड्यातून दोनदा एसटीने शहर गाठणाऱ्या आईची त्या दिवसांची मजुरी बुडते आणि काही महिन्यांत फेऱ्या थांबतात. यंत्र कानावर राहते, मूल मुकेच राहते.

ही फेरी वाचवू शकणारा माणूस तयार करायला चार वर्षे लागतात. बारावी विज्ञाननंतरचा हा पदवी अभ्यासक्रम बीएएसएलपी म्हणून ओळखला जातो. शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते आणि व्यवसाय करायचा तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ, राज्याबाहेर म्हैसूरची १९६५ साली सुरू झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, अशा ठिकाणी हे शिक्षण मिळते. राज्यातील महाविद्यालयांत मात्र याची वाट नीटच्या यादीतून जाते. पसंतीक्रम भरताना एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी असे करत तळाशी काही जागा उरल्या तर हे नाव लिहिले जाते. ज्याला निवडलेच नाही, उरले म्हणून घेतले, त्या कामात मन रमायला वेळ लागतो. काहींचे कधीच रमत नाही.

शिवाय हे काम लोकांना वाटते तेवढे लहान मुलांपुरते नाही. अर्धांगवायूनंतर हातपाय हलू लागतात, पण ‘पाणी’ म्हणायचे असते आणि तोंडातून भलताच शब्द येतो. माणसाला सगळे कळत असते, म्हणून तो चिडतो, रडतो, आणि घरचे समजतात डोक्यावर परिणाम झाला. हा वाचाघात. त्याच रुग्णाला घोट नीट गिळता येत नसेल तर चहा फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि गिळणे तपासून शिकवणेही याच तज्ज्ञाचे काम. तंबाखूच्या कर्करोगाने स्वरयंत्र काढलेला माणूस श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेल्या छोट्या झडपेतून पुन्हा बोलू शकतो, तेही शिकवल्यावरच. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेले मूल, वर्गात ओरडून घसा बसलेली शिक्षिका, मुलाखतीत अडखळणारा तरुण, सगळे त्याच दाराशी येतात. २०११च्या जनगणनेत वाचेचे अपंगत्व नोंदलेले सुमारे २० लाख लोक देशात होते. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या किती जणांच्या घरच्यांनी ती तशी नोंदवली असेल, हा प्रश्नच आहे.

आणि हे काम भाषेचे आहे. ते इंग्रजीत शिकवले जाते आणि बहुतेक चाचण्यांचा साचाही इंग्रजीतून आलेला असतो. पण रुग्ण बोलणार मराठीत, तेही त्याच्या मराठीत. विदर्भातले मूल ‘पानी’ म्हणाले तर तो उच्चारदोष नाही, त्याच्या घरची बोली आहे. खानदेशातले मूल डोळ्याला ‘डोया’ म्हणत असेल तर त्याची जीभ सुधारायची गरज नाही. हेच पुस्तकी शुद्धतेने तपासले तर निरोगी मूल दोषी ठरते. उलट, खरा दोष ‘गावाकडचे बोलणे’ म्हणून सुटूनही जातो. मराठीतली तीन लिंगे, विभक्ती बदलताना मोडणारे शब्द (झाड, पण झाडाला, घोडा, पण घोड्याला), ‘च’चे दोन वेगळे उच्चार, यांतले मुलाला कोणत्या वयात काय यायला हवे हे इंग्रजी तक्त्यात सापडत नाही. म्हणून नंदुरबार, हिंगोली, गडचिरोलीकडची मुलेमुली या शिक्षणात येणे हा निव्वळ रोजगाराचा प्रश्न नाही. तिथली बोली ज्याच्या कानात आहे, त्याचा तपासणीतला अंदाज अधिक खरा निघेल.

ती येतील आणि परत गावाकडे जातील असे मात्र आज काही दिसत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बहिरेपणाबरोबर भाषेचा उशिरा होणारा विकासही तपासणीच्या यादीत आहे आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. कागद चांगला आहे. पण जागा कंत्राटी, मानधन बेताचे, दरवर्षी मुदतवाढीची टांगती तलवार. त्यापेक्षा शहरातले श्रवणयंत्राचे दुकान बरे, असे चार वर्षे शिकलेल्या मुलीला वाटले तर तिला दोष कसा द्यायचा? जिल्ह्याला एक कायम पद आणि ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी भेट, एवढे जरी झाले तरी एसटीच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. दूरध्वनीच्या पडद्यावरून होणारी थेरपी उपयोगी आहे, पण घोट गिळताना गळ्यावर बोटे ठेवून तपासायचे असते तेव्हा माणूसच लागतो.

पसंतीक्रम भरण्याआधी मुलांनी आणि पालकांनी एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या वाचा-श्रवण विभागात परवानगी घेऊन एक सकाळ बसावे. कंटाळवाणे वाटेल. एकच चित्र, एकच शब्द, चाळीस वेळा. शेजारच्या खोलीत एखादे निवृत्त गृहस्थ बायकोचे नाव आठवत बसलेले असतील, आणि समोरची मुलगी त्यांना घाई न करता पहिले अक्षर तेवढे ओठांनी दाखवत असेल.