बोल एकट्या सुनेलाच का?

मायबहिणींनो, मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते. मृकंड ऋषींना मूल नव्हते. नवराबायको दोघांनी शंकराची आराधना केली, तेव्हा मार्कंडेय झाला, अशी कथा आहे. मग आपल्या घरी पाळणा हलला नाही की बोल एकट्या सुनेलाच का?

दोष पुरुषातही असतो. वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर धन्याची वीर्यतपासणी आधी करावी; ती सोपी असते. बायांनी ओटीपोटातले दुखणे, घाण वासाचे पांढरे जाणे लपवू नये. अशा रोगाने गर्भनळ्या बंद होतात. गडचिरोलीच्या दोन खेड्यांतली डॉ. राणी बंग यांची पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. शंभरात ९२ बायांना स्त्रीरोग निघाले. आधी तपासणी झालेल्या फक्त ८!

देवाला जोडीने जाता, तसे दवाखान्यातही जोडीनेच जा.