सुट्टीची भेट म्हणून हॅमस्टर आणू नका

सर्व आई-बाबांना, आजी-आजोबांना आणि भाच्या-पुतण्यांचे लाड पुरवणाऱ्या मामा-मावशी, काका-आत्यांना कळकळीची विनंती.

वार्षिक परीक्षा संपत आल्या आहेत. ‘पेपर नीट लिही, सुट्टीत हॅमस्टर आणू,’ असा शब्द बऱ्याच घरांत देऊन झाला आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात किंवा जवळच्या पेट शॉपमध्ये हा मुठीत मावणारा प्राणी सहज मिळतो. कुत्र्यासारखं फिरवायला न्यावं लागत नाही, फ्लॅटमध्ये कुठेही पिंजरा ठेवता येतो. मुलाचा पहिला प्राणी म्हणून हाच सोपा, असं वाटणं साहजिक आहे. पण तो सोपा नाही. म्हणून सांगतो, आठ वर्षांखालच्या मुलासाठी हॅमस्टर आणू नका. मूल त्याहून मोठं असलं, तरी या एप्रिल-मेमध्ये आणू नका.

आठ वर्षांची ही अट कुठल्या कायद्यातली नाही. ती मुलांच्या हातांकडे पाहून घातलेली आहे. पाच वर्षांचं मूल हॅमस्टर कसा उचलतं ते डोळ्यांपुढे आणा. दुपारची वेळ आहे आणि तो भुशात गाढ झोपला आहे. मूल वरून हात घालून त्याला पकडतं. वरून अंगावर आलेला हात म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्षीच. तो दचकून चावतो आणि त्याचे दात बोटात खोल रुततात. मूल किंचाळून हात झटकतं, प्राणी दोन-तीन फुटांवरून फरशीवर आपटतो. पाय मोडतो, कधी कणा. यात मुलाची चूक नाही आणि प्राण्याचीही नाही. चूक असते ती, दोघांची गाठ घालून देणाऱ्या मोठ्या माणसाची.

आजाराचंही पाहा. वरून निरोगी दिसणाऱ्या हॅमस्टरकडूनही साल्मोनेलासारखे जंतू माणसाला लागू शकतात. लहान मुलांचे हात सारखे तोंडात जातात आणि त्यांना हा संसर्ग जास्त त्रास देतो. या प्राण्यांकडून पसरणारा एक विषाणू पोटातल्या बाळालाही घातक ठरतो, त्यामुळे घरात कुणी गरोदर असेल तर हॅमस्टर आणण्याचा विचारच नको.

आता हॅमस्टरच्या बाजूने पाहू. सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियातला. १९३० साली अलेप्पोजवळच्या शेतात एक मादी आणि तिची पिल्लं बिळातून खणून काढली गेली. आज घरोघरी पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्यांचेच वंशज आहेत. दिवसा जमिनीखालच्या गारव्यात झोपायचं, अंधार पडला की बाहेर यायचं आणि एकट्याने राहायचं, हा हॅमस्टरचा स्वभाव तो पिंजऱ्यात आला म्हणून बदलत नाही. मूल शाळेतून येतं तेव्हा तो झोपलेला असतो आणि मुलाची झोपायची वेळ झाली की चाकावर धावायला लागतो. ‘एकटा कंटाळेल’ म्हणून जोडी आणली, तर दोन मोठे सोनेरी हॅमस्टर एकमेकांना रक्तबंबाळ करतात. नर-मादी एकत्र आले तर साधारण १६ ते १८ दिवसांत पिल्लं होतात आणि एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज असतात.

एप्रिल-मे टाळायला सांगतो ते उन्हामुळे. १८ ते २५ अंश तापमान हॅमस्टरला मानवतं. पारा तिशीपलीकडे गेला की त्याला उष्माघाताचा धोका असतो आणि अंगाला घाम येऊन तो थंड होऊ शकत नाही. विदर्भात या दिवसांत पारा ४४-४५ वर जातो, कोकणात आणि मुंबईत दमट उकाडा असतो. त्यातच सगळं घर गावी निघतं आणि पिंजरा बंद फ्लॅटमध्ये किंवा गॅलरीत राहतो.

मग मूल तयार आहे हे ओळखायचं कसं? प्राणी आणण्याआधी महिनाभर त्याला कामं देऊन पाहा. रोज रात्री जेवणाआधी पाण्याची बाटली धुऊन भरायची. दर आठवड्याला एक खोका रिकामा करून पुसायचा. जमिनीवर मांडी घालून दहा मिनिटं शांत बसायचं. आठवण न करता हे झालं, तर मूल मदतनीस व्हायला तयार आहे. मदतनीसच म्हणतो, कारण दहा वर्षांच्या मुलाच्या घरीही जबाबदारी मोठ्यांचीच असते. हॅमस्टर गालात भरून नेलेली काकडी घरट्यात साठवतो. ती सडली आहे हे वासावरून ओळखून काढणार कोण? शेपटीखालचा भाग ओला दिसला तर तो जीवघेणा जुलाब असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे पळणार कोण? उत्तर ‘आम्ही’ असेल तरच पुढे जा. असे लहान प्राणी तपासणारे पशुवैद्य आपल्या गावात आहेत का, हेही आधी विचारून ठेवा.

ज्यांच्या घरी हॅमस्टर आहे, त्यांनी आजच एवढं करा. पिंजरा मुलाच्या खोलीतून आणि उन्हातून हलवा. तळाशी कागदी भुशाचा जाड थर द्या, कापूस घालू नका. सोनेरी हॅमस्टरला किमान २० सेंटिमीटर व्यासाचं, सपाट पृष्ठभागाचं चाक द्या. मुलाने त्याला जमिनीवर बसूनच आणि मोठ्यांसमोरच हातात घ्यावं, नंतर साबणाने हात धुवावेत. सांभाळणं जमत नसेल तर बागेत सोडू नका. तिथे मांजर किंवा कावळा त्याला तासभरही जगू देणार नाही. शिवाय उपासमारीच्या तोंडी प्राण्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सांभाळू शकेल असं घर शोधा आणि तोवर त्याची देखभाल करा.

दुकानदारांनाही विनंती आहे. मूल हट्ट करतंय म्हणून लगेच प्राणी हाती देऊ नका. मुलाचं वय विचारा, घरी कोण सांभाळणार ते विचारा, जोडी खपवू नका.

हॅमस्टरचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, फार तर तीन. ते सगळं तुमच्या आजच्या निर्णयावर अवलंबून आहे. शब्द देऊन बसला असाल तर मुलाशी आजच बोला, नकाराचं कारण त्याला समजेल अशा भाषेत सांगा आणि सुट्टीत दुसरं काही ठरवा. मूल रुसेल, एखादा दिवस रडेल. त्या रडण्याला घाबरून एक जीव विकत आणू नका.