सहलीत न दिसणारे कोल्हापूर

हिवाळा लागला की मराठवाड्यातील शाळांच्या सहली निघतात. नांदेड-लातूरकडील एस. टी. गाड्यांपैकी अनेक कोल्हापूरची वाट धरतात. अंबाबाईचे दर्शन, जोतिबा, पन्हाळा, रंकाळा आणि परतताना चपलांची खरेदी, असा कार्यक्रम ठरलेला असतो. त्यात गैर काही नाही. परंतु ज्या दोन गोष्टींनी या शहराला महाराष्ट्रात वेगळे स्थान दिले, ते गाणे आणि फुटबॉल, या कार्यक्रमात सहसा बसत नाहीत. शिक्षकांनी विचार करावा असा हा विषय आहे.

कोल्हापूरच्या गाण्याची थोरवी सांगताना राजर्षी शाहू महाराजांचे नाव प्रथम येते, आणि ते योग्यच आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांना त्यांनी दरबारी आश्रय दिला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्या घडविणाऱ्या या गवयाने आपल्या आयुष्याची ऐन वर्षे कोल्हापुरात काढली. १९१२ मध्ये खासबागचे कुस्ती मैदान झाले, १९१५ मध्ये त्याला लागून पॅलेस थिएटर उभे राहिले. मल्ल आणि गवई यांना एकाच राजाने शेजारी शेजारी जागा दिली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तथापि राजाश्रय हे या कहाणीचे अर्धेच सत्य होय. १९२२ मध्ये महाराज निवर्तले आणि खाँसाहेबांनी मुंबई जवळ केली. १९४९ मध्ये संस्थानच विलीन झाले. मग परंपरा टिकली कशी? १८८३ पासून चालत आलेला ‘गायन समाज देवल क्लब’ नागरिकांच्या आस्थेवर तगला आणि मैफली होत राहिल्या. दरबार गेला तरी श्रोता गेला नाही.

फुटबॉलची कथा याहून बोलकी आहे. येथील संघांची नावेच पाहावीत : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. मूळच्या तालमी कुस्तीच्या. तांबड्या मातीत घुमणाऱ्या पोरांनी पुढे चेंडू पायाशी घेतला, तरी नाव आणि निष्ठा पेठेचीच राहिली. सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते ती आपल्या गल्लीतील मुलाला पाहण्यासाठी. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. ही ईर्ष्या कधीकधी हाणामारीवर जाते आणि खेळाला बट्टा लागतो, हेही नमूद केले पाहिजे. तालमीचा अभिमान आणि तालमीची शिस्त यांची फारकत झाली की असे घडते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, त्यांच्याच नावाचे नाट्यगृह, म्हणजे पूर्वीचे पॅलेस थिएटर, आगीत भस्मसात झाले. कोल्हापूरकर हळहळले आणि पुनर्बांधणीची मागणी सर्व थरांतून झाली. सरकारला तिची दखल घ्यावी लागली, कारण त्या वास्तूशी नाते सांगणारा समाज तेथे जिवंत होता. असा समाज नसेल, तर उभी वास्तूही ओस पडते.

मराठवाड्यात अशा वेळी एक उत्तर हमखास मिळते : आम्हांला शाहू महाराज लाभले नाहीत, आम्ही निजामी राजवटीत होतो. इतिहास म्हणून ते खरे आहे. सबब म्हणून मात्र ते आता पुरत नाही. मराठवाडा १९४८ मध्ये मुक्त झाला, कोल्हापूरचे संस्थान त्यानंतर वर्षभरात गेले. तेव्हापासून राजा कोणालाच नाही. दुष्काळ आणि साधनांची वानवा आपल्या वाट्याला अधिक आली, हे मान्य; पण गल्लीतील मैदान आणि आठवड्यातून दोन तास गाणे शिकविणारा शिक्षक यांना दरबार लागत नाही.

शिवाय गुणांची कमतरता कधीच नव्हती. १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे. त्यांना घडविले ते कोल्हापूरच्या गंगावेस तालमीने. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात आजही रागांवर आधारलेले कीर्तन नित्य चालते. बीज आहे, मशागत हवी.

योगायोग असा की, ज्या महाविद्यालयामुळे ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला, त्याचे नाव राजर्षी शाहू महाविद्यालय. त्या पॅटर्नने सामान्य घरांतील हजारो मुलांना डॉक्टर, अभियंता केले. हे ऋण मोठे आहे. पण पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवणी वर्गात बसणाऱ्या मुलाच्या दिवसात मैदानाचा एक तास आणि सुराची ओळख नसेल, तर त्या नावाचा अर्धाच वारसा आपण घेतला, असे म्हणावे लागेल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि क्रीडा यांना अभ्यासाच्या बाहेरचे मानू नये, असे म्हटले आहे. वेळापत्रकातील खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांत मात्र हे धोरण कागदावरच राहणार.

तेव्हा सहली जरूर निघाव्यात. पन्हाळ्याबरोबर एखाद्या तालमीचा उंबरठाही मुलांना दाखवावा, शक्य तर एखादा सामना आणि एखादी मैफल. आणि परत आल्यावर शाळेचे मैदान संध्याकाळी गल्लीतल्या मुलांसाठी उघडे ठेवावे. त्या सहलीचे मोल तेथेच ठरेल.