फाटलेलं धिरडं

व्हिएन्नातल्या एका छोट्या खानावळीत माझ्यासमोर फाटलेलं धिरडं आलं आणि मी त्याचे 15 युरो दिले. आपले साधारण 1350 रुपये. कुरकुर न करता दिले, वर टिपही ठेवली.

अशा खानावळीला तिकडे 'बाइसल' म्हणतात. भिंतींना लाकडी फळ्या, आठ-दहा टेबलं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत सूपची वाफ. ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे गेलो होतो. तिथला एक सहकारी आग्रहाने घेऊन गेला. व्हिएन्नाचं प्रसिद्ध वीनर श्नित्झेल वासराच्या मांसाचं असतं, ते मला चालत नाही. मग त्याने 'कायझरश्मार्न' मागवलं. मैदा, दूध आणि फेटलेली अंडी यांचं जाड, फुगलेलं धिरडं भाजता भाजताच फाडायचं, तुकडे लोण्यात परतायचे, वर पिठीसाखर भुरभुरायची. 'श्मार्न' म्हणजे काहीतरी फालतू, गचाळ. 'कायझर' म्हणजे सम्राट. हा सम्राट म्हणजे फ्रान्झ जोसेफ, असं सांगणाऱ्या चार-पाच दंतकथा आहेत. सहकाऱ्याने त्यातल्या दोन मला जेवता जेवता ऐकवल्या.

मला मात्र आई आठवत होती. हिंगोलीला आमच्या घरी धिरडी आणि गुळवणी असते, तेव्हा पहिलं धिरडं हमखास तव्याला चिकटतं आणि फाटतं. ते आई बाजूला ठेवते, स्वतःसाठी. अख्खी, जाळीदार धिरडी आमच्या ताटात येतात. लग्न झाल्यापासून ती फाटलेलीच खात आली आहे. तिकडे फाटलेल्याला सम्राटाचं नाव मिळालं. इकडे ते करणारीच्या वाट्याला आलं, आणि त्याला नावही नाही.

माझं भांडण व्हिएन्नाशी नाही. ते आपल्याशी आहे, म्हणजे पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि दर दिवाळीला 'आईच्या हातची चव' अशी स्टोरी टाकणाऱ्या आपल्या पिढीशी. आपल्या तोंडी 'घरचं जेवण' हे कौतुक असतं. व्यवहारात ते डिस्काउंट कूपन आहे.

माझी मावशी हिंगोलीत मेस चालवते. पाटीवर लिहिलंय : 'घरगुती जेवण मिळेल'. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं जेवायला येतात. दोन वेळचे महिन्याला 2200 रुपये, म्हणजे एक ताट 36-37 रुपयांना. माझ्या एका कायझरश्मार्नमध्ये तिची 36 ताटं बसतात. त्या ताटात ज्वारीची भाकरी असते, येसराची आमटी असते, कधी वरणफळं, कधी धपाटे. पहाटे पाचला गॅस पेटतो, रात्री अकराला ओटा धुतला जातो. मी तिला दर वाढवायला सांगितलं, तर म्हणाली, "लेकरं घरच्यावानी म्हणतेत रे. मग घरच्याला जास्तीचं कसं मागावं?"

ही त्या शब्दाची खरी ताकद. 'घरच्यासारखं' म्हटलं की मागणाऱ्याची जीभ अडखळते. तीच पोरं परीक्षा संपल्यावर ढाब्यावर जातात आणि एका पनीर हंडीला अडीचशे रुपये मोजतात. तिथे कुणी घासाघीस करत नाही, कारण हंडी घरची नसते. मीही धुतल्या तांदळासारखा नाही. पुण्यात पहिल्या नोकरीच्या वेळी डब्याच्या काकूंनी तीनशे रुपये वाढवले, तेव्हा मी डबा बदलला होता.

सरकारचीही नजर वेगळी नाही. 1995 मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने आपली भाकरी हौसेने रस्त्यावर आणली, ती एक रुपयात झुणका-भाकर म्हणून. 2020 मध्ये शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत. भुकेल्याला स्वस्तात जेवण मिळावं हा हेतू चांगलाच, त्याबद्दल वाद नाही. पण आपलं जेवण सरकारला आठवतं ते स्वस्ताईच्या योजनेतच, हे लक्षात घ्या. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. कच्च्या मालाला नाव मिळालं, चांगलं झालं. त्या हळदीची आमटी करणारीचा नंबर कधी लागणार?

व्हिएन्नाने नेमकं हेच केलं. ऑस्ट्रियात मेनूवर नुसतं 'वीनर श्नित्झेल' लिहिलं, तर ते वासराचंच असावं लागतं. डुकराचं असेल, तर तसं स्पष्ट लिहायचं. 1784 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने द्राक्षबागायतदारांना स्वतःच्या घरी स्वतःची वाइन विकायची मुभा दिली. आजही व्हिएन्नाच्या कडेच्या वस्त्यांत दारावर हिरवी फांदी टांगलेली दिसते. फांदी दिसली की आत शेतकऱ्याच्या अंगणात बसून प्यायला-खायला मिळतं, त्याने लावलेल्या दराने.

म्हणून तिकडचं सगळं गोड आहे असं समजू नका. ज्याला व्हिएन्नाचा स्वयंपाक म्हणतात, त्यातला मोठा भाग बोहेमिया-मोराव्हियातून घरकामाला आलेल्या बायकांनी आणला. एकोणिसाव्या शतकात सधन घरांमध्ये 'बोहेमियन स्वयंपाकीण' असणं प्रतिष्ठेचं होतं. पदार्थ अजरामर झाले, त्या बायकांची नावं कुठेच नाहीत. म्हणजे पदार्थाला मान मिळाला की करणारीला आपोआप मिळतो, असंही नाही. तो वेगळा मागावा लागतो.

आपल्याकडे तो मागितला गेलाय. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये संघटित केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज मिळालं, कारण त्या करत होत्या तो धंदा आहे हे पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हटलं.

यावर एक हुकमी प्रश्न येतो : दर वाढले तर गरीब पोरांनी खायचं काय? प्रश्न खरा आहे. ती पोरं शेतकऱ्यांची आहेत, घरून येणारे पैसे मोजकेच. पण त्यांच्या गरिबीचा भार मावशीनेच का उचलायचा? गॅसवाला उचलत नाही, किराणावाला उचलत नाही, रूमचा मालक तर नाहीच. सवलत द्यायची तर ती सरकारने द्यावी, समाजाने द्यावी. तिच्या गुडघ्यांतून ती वळती करून घेऊ नये. आणि पोरांचं सोडा. आपण, ज्यांना 1350 रुपयांच्या धिरड्याला परवडतं, आपण कुठल्या तोंडाने डबेवाल्या काकूंशी तीनशे रुपयांवरून हुज्जत घालतो?

परतल्यावर मी आईला कायझरश्मार्नचा फोटो दाखवला. किंमत ऐकून ती हसली. म्हणाली, "एवढं फाटलेलं तर मी कुत्र्याला बी घालत नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "मीच खाते."

मावशीने जूनपासून पाचशे रुपये वाढवावेत म्हणून मी तिच्या मागे लागलोय. अजून तिच्या तोंडून शब्द निघालेला नाही. तुमच्या मेसवाल्या मावशीचाही निघाला नसेल. तिने मागायची वाट बघू नका.